पायलट व्हायचंय? चष्म्याची नको, रंगांची काळजी करा

२०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या मुलांना पायलट होण्याचं स्वप्न जवळचं वाटू लागलं. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, याला चष्मा आहे, चालेल का?"

बहुतेक वेळा चालतो. व्यावसायिक वैमानिकासाठी आंतरराष्ट्रीय निकष असा आहे : चष्मा लावून प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसायला हवं. म्हणजे चष्म्याचा नंबर हा स्वप्नाचा शेवट नव्हे.

खरा प्रश्न कुणी विचारतच नाही : रंग नीट ओळखता येतात का?

विमान उतरताना धावपट्टीच्या बाजूला चार दिवे दिसतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उंची बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. २६ जुलै २००२ ला पहाटेच्या अंधारात अमेरिकेत टालाहासी इथे एक मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. सुदैवाने तिघेही कर्मचारी वाचले. चौकशीत थकव्याबरोबरच सहवैमानिकाचा रंगदृष्टीदोष हेही एक कारण नोंदवलं गेलं.

हा दोष बहुधा जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो. मुलालाही कळत नाही, कारण त्याने जग तसंच पाहिलेलं असतं. त्यावर औषध नाही. रंगीत काचांचे चष्मे हा दोष बरा करत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे : दहावीनंतरची शाखा निवडण्याआधीच ही तपासणी व्हावी. ठिपक्यांमधले आकडे वाचण्याची इशिहारा चाचणी पाच-दहा मिनिटांत होते. लाखोंची फी भरून, जमीन गहाण ठेवून मग दोष कळण्यात काय अर्थ? मर्चंट नेव्हीत डेकवर जाऊ पाहणाऱ्या मालवणच्या मुलांनाही हेच लागू आहे. रात्री समोरच्या जहाजाची डावी-उजवी बाजू लाल-हिरव्या दिव्यांवरूनच ओळखायची असते.

चाचणीत दोष निघाला तर नेत्रतज्ज्ञांकडून पुढची तपासणी करून घ्या. कृपा करून आकडे पाठ करायला मात्र लावू नका. परीक्षा पास होईल, पण धावपट्टीवरचे दिवे पाठ करता येत नाहीत. आणि सोळाव्या वर्षी कळलं, तर दुसरी वाट निवडायला भरपूर वेळ हाताशी असतो.