टपावरचं ऊन

मंडळी, आमच्या अ‍ॅरिझोनातल्या पुतण्याने गाडीमागे ओढायचा 13 फुटी ट्रेलर घेतलाय. (तेवढ्यात बिछाना, शेगडी, फ्रीज, सगळं!) आता त्याच्या टपावर कडेपासून कडेपर्यंत सोलर पॅनेलं चिकटवायची म्हणतो. मला काही हे पटत नाही.

मुळात जागा किती? मधोमध पंख्याचं झाकण. 100 वॅटचं पॅनेल साधारण मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद. दोन नीट बसतील. तिसऱ्यावर झाकणाची सावली येणार, आणि कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज कोपऱ्यापेक्षा बरीच जास्त घटते. वाकणारी पातळ पॅनेलं टपाला चिकटवली की खालून वारा नाही. ती तापतात, आणि तापली की वीज कमी देतात. त्यापेक्षा खाली फट ठेवून बसवलेलं काचेचं बरं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. टप पॅनेलांनी भरला की ट्रेलर उन्हातच उभा करायला हवा. जूनमध्ये फिनिक्सला पारा 40 च्या वर असतो. 200 वॅटमधून दिवसाला जेमतेम एक युनिट मिळणार. फ्रीज, दिवे, पंखा भागेल, एसी नाही. आणि आत दुपारी आमची नात झोपणार!

म्हणून टपावर एकच ठेवावं, दुसरं घडीचं, जमिनीवर मांडायचं. ट्रेलर झाडाखाली, पॅनेल उन्हात. रोज मांडा-आवरा, चोरीची धास्ती, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. असो. वायर मात्र जाड घे रे बाबा, 12 व्होल्टला लांब बारीक तारेत बरीच वीज वाया जाते.