अनुदान पोत्याला की मातीला?

शेतीचे उत्पादन वाढविण्याचा विषय निघाला की सरकारी विचारांची गाडी खताच्या पोत्यापाशी येऊन थांबते. पिकाला नत्र, स्फुरद, पालाश लागतात, गंधक आणि जस्तही लागतात. त्यांपैकी जे सर्वांत तोकडे पडेल तेच उत्पादनाची मर्यादा ठरविते. हा नियम लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ओळखला जातो. कोरडवाहू मुलखात तोकडे पडते ते बहुधा पाणी.

सोलापूरकडची रब्बी ज्वारी घ्या. खरिपात रान मोकळे ठेवून काळ्या जमिनीत ओल मुरवायची, हस्ताच्या पावसाच्या सुमारास पेरायचे आणि पुढचे सारे पीक त्या साठविलेल्या ओलीवर काढायचे. मुळे अन्नद्रव्य घेतात ते ओलीत विरघळलेलेच. म्हणून तेथे दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याबरोबरच खत ओलीत पेरावे लागते. वरची माती सुकल्यावर फेकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो. उसाच्या बागायतदाराला ही अडचण नाही; तो पाणी सोडतो आणि पुन्हा पोते फोडतो.

आता भाव पाहावेत. २०१० साली स्फुरद व पालाश यांच्या खतांना अन्नद्रव्यानुसार ठराविक अनुदान सुरू झाले; युरिया मात्र त्यातून वगळून नियंत्रित किमतीत ठेवला गेला. ४५ किलोचे युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना, तर ५० किलोचे डीएपीचे १,३५० रुपयांना. शेतकरी नत्राकडे झुकला तर दोष त्याच्या अज्ञानाला देता येणार नाही. २०१५ पासून वाटलेली मृद आरोग्य पत्रिका एक सांगते, पोत्यावरची किंमत दुसरेच. आणि गरिबाच्या घरात किंमतच ऐकली जाते!

शिवाय हे अनुदान विकलेल्या खतावर, कंपनीच्या खात्यात जमा होते. ज्याच्याकडे पाणी अधिक त्याची पोती अधिक, म्हणून सार्वजनिक पैशातील वाटाही अधिक. समाजवादी कार्यकर्त्यांनी खत स्वस्त करा एवढीच घोषणा देत राहणे म्हणजे नकळत बागायतदाराची पालखी वाहणे होय.

कोरडवाहू जमिनीला सेंद्रिय कर्ब हवा, कारण ओल तोच धरतो. परंतु चाऱ्याअभावी जनावरे विकली गेली, उरलेल्यांचे शेण चुलीत जाते. ताग पेरून गाडावा, तर त्यात एक हंगाम आणि त्यातली ओल खर्ची पडते. बटईने कसणाऱ्याने ती कोणाच्या भरवशावर खर्चावी?

तेव्हा मागणी अशी असावी: अनुदानाचा एक भाग पोत्यावरून काढून, मर्यादा घालून, एकरी रकमेच्या रूपाने कसणाऱ्याच्या हाती द्यावा, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटईदाराला व स्त्रियांनाही. बांधबंदिस्ती आणि कंपोस्टचे खड्डे ही रोजगार हमीची कामे धरावीत. हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला, तोही १९७२ च्या दुष्काळाने शिकविल्यावर. तालुका शाखांनी रब्बीच्या पेरणीपूर्वी गावोगाव बटईदारांच्या याद्या करावयास घ्याव्यात. त्या याद्या सरकारजवळ नाहीत.