स्टॅमफर्डच्या खांबावरची नोटीस

इंग्लंड पाहून आलेला माणूस परतल्यावर एक वाक्य हमखास बोलतो. "त्यांना जुनं जपायची संस्कृतीच आहे हो, आपल्याला नाही." माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात गेली, त्यामुळे हे ऐकलं की मी जरा सावरून बसतो. संस्कृतीच्या आधारावर भिंत टिकलेली मी पाहिलेली नाही. भिंत टिकते ती मंजुऱ्या, मनाया, दंड आणि निधी यांच्यावर. नाहीतर मग पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसे नसतात म्हणून. मेअखेरच्या लांब सुट्टीत तिकडची दोन जुनी गावं पाहिली आणि हे मत आणखी पक्कं झालं.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार तिकडे बँक हॉलिडे असतो. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मिळतात. "बाबा, बाथला जाऊ, सगळे जातात," मुलगा म्हणाला. सगळे जातात म्हणूनच नको, असं त्याच्या आईने परस्पर ठरवून टाकलं. मग लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून पीटरबरो, तिथे गाडी बदलून पंधराएक मिनिटांत स्टॅमफर्ड, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुख्य मार्गाने वर यॉर्क. साठी ओलांडलेल्यांना सीनियर रेलकार्डवर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, आपल्यासारख्या पाहुण्यांनाही मिळते. मात्र सुट्टी बघून रुळांची कामं काढायची तिकडे रीतच आहे. गाडीऐवजी बस तर नाही ना, हे आधी बघून घ्यावं.

स्टॅमफर्ड लिंकनशायरच्या दक्षिण टोकाला, वेलंड नदीच्या काठी आहे. बहुतेक सगळं जुनं गाव फिकट पिवळसर चुनखडीच्या दगडात बांधलेलं. लंडनहून उत्तरेकडे जाणारा ग्रेट नॉर्थ रोड याच गावातून जायचा. घोडागाड्यांच्या काळातली 'द जॉर्ज' ही सराई अजून चालू आहे. तिची पाटी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टाकलेल्या आडव्या तुळईवर आहे. 1960 मध्ये बायपास होईपर्यंत सगळी अवजड वाहतूक त्या पाटीखालून जात होती, हे आज तिथे उभं राहून खरं वाटत नाही.

मी मात्र छपरं बघत राहिलो. जवळच कॉलीवेस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीतला दगड हिवाळ्यात उघड्यावर मांडायचा, ओला ठेवायचा आणि कडाक्याच्या थंडीची वाट बघायची. आतलं पाणी गोठलं की दगड थराथराने सुटतो, मग हातोडीने ठोकून पातळ पाट्या काढायच्या. वळचणीला मोठ्या पाट्या, आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या. पुढे हा धंदा बसला. अलीकडे दगड कृत्रिम रीतीने गोठवून पाट्या काढायला पुन्हा सुरुवात झाली आहे. "अहो, मान आखडेल," असं ही दोनदा म्हणाली.

आता हे गाव असं उरलं कसं? गावाबाहेर बर्ली हाउस आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री विल्यम सेसिल याने 1555 ते 1587 या काळात ते बांधून घेतलं. पुढे गावाच्या पार्लमेंटच्या जागा बराच काळ या घराण्याच्या मुठीत होत्या. उत्तरेकडची शेतं सामाईक वहिवाटीची होती. ती मोकळी होऊन प्लॉट पडले असते तर वस्ती वाढली असती, मतदार वाढले असते आणि ती मूठ सैल झाली असती. 1870च्या दशकापर्यंत ते झालंच नाही. मुख्य रेल्वेही पीटरबरोवरून गेली. कारखाने आले नाहीत, पैसा आला नाही, म्हणून पाडापाडीही झाली नाही. यात कसलं आलंय वारसाप्रेम? राजकारण आणि मंदी, दुसरं काही नाही.

कायदा आला तो नंतर. 1967 च्या सिव्हिक अमेनिटीज ॲक्टने 'कॉन्झर्वेशन एरिया' म्हणजे संरक्षित क्षेत्राची सोय केली आणि इंग्लंडमधलं असं पहिलं क्षेत्र त्याच वर्षी स्टॅमफर्डमध्ये जाहीर झालं. आज देशभर अशी सुमारे दहा हजार क्षेत्रं आहेत. शिवाय संरक्षित इमारतींच्या सूचीतल्या घराला विनापरवाना हात लावला तर थेट फौजदारी गुन्हा.

एका दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पाकिटात एक नोटीस अडकवली होती. सूचीतल्या एका घराच्या मागच्या खिडक्या बदलायच्या आहेत, कुणाला काही म्हणायचं असेल तर एकवीस दिवसांत कळवा. मुलगा लाजून पुढे निघून गेला, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. समोरच्या दारातल्या आजीबाईंनी विचारलं, तुमची हरकत आहे का? मग बोलणं निघालं. त्यांच्या घराच्या खिडक्या जुन्या, एकेरी काचेच्या. दुहेरी काच बसवायची परवानगी नाकारली गेली, हिवाळ्यात घर तापवण्याचं बिल भरमसाट येतं. शिवाय तिकडे नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर वीस टक्के! सरकारला बरंच काही सुनावून झाल्यावर मी खांबावरच्या अर्जाबद्दल विचारलं. "मी हरकत घेतली आहे," बाई शांतपणे म्हणाल्या.

माझ्या मते या गावाचा खरा राखणदार म्हणजे ही खडूस शेजारीण. तिच्याकडे पत्ता आहे, मुदत आहे आणि तिच्या पत्राची दखल घेणं कौन्सिलवर बंधनकारक आहे.

यॉर्कमध्ये गर्दी फार. शॅम्बल्स ही एके काळची खाटकांची गल्ली, आता जादूच्या छड्या विकणाऱ्या दुकानांनी भरली आहे. तिथे आम्ही थांबलो नाही, शहराच्या जुन्या तटावर चढलो. तीन किलोमीटरहून लांब अशा या तटाचे लोक फोटो काढतात, पण तो पाडायची परवानगी 1800 मध्ये खुद्द यॉर्कच्या नगरपालिकेने मागितली होती. काही भाग पडलाही. वेशींपुढचे जोडतट काढून टाकले गेले, एका वॉमगेट बार या वेशीचा तेवढा वाचला. पाडण्याविरुद्ध भांडणाऱ्यांत यॉर्कचा चित्रकार विल्यम एट्टी होता. विसाव्या शतकात पुन्हा तेच झालं. तटालगत मोठा वळण रस्ता काढायचा बेत सत्तरच्या दशकात लोकांनी हाणून पाडला. बाथने तर त्याच सुमाराला कारागिरांच्या जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा जमीनदोस्त केल्या आणि त्यावर 'द सॅक ऑफ बाथ' हे पुस्तक 1973 मध्ये निघालं. तेव्हा 'त्यांची संस्कृती' वगैरे जरा बेताने म्हणावं.

नोटिसा आम्हीही लावत होतो. पावसाळ्यापूर्वी जुन्या वाड्यांवर चिकटवायच्या: इमारत धोकादायक आहे, खाली करा. मुंबईची वारसा नियमावली 1995 सालची, म्हणजे कायदा आपल्याकडेही आहे. पण वाड्याच्या मालकाला जेमतेम भाडं मिळतं, त्यात कौलंसुद्धा चाळून होत नाहीत. भाडेकरू जागा सोडत नाही. वाडा आपसूक पडला की दोघांचीही सुटका, आणि बिल्डर कोपऱ्यावर उभाच असतो. या सगळ्यात शेजाऱ्याला कुणी काही विचारत नाही. शेजारच्या वाड्याचा सागवानी खांब उतरवण्याआधी गल्लीतल्या लोकांना एकवीस दिवस मिळाले असते, तर काही वाडे वाचले असते असं मला वाटतं. आमच्या विभागाचं काम वाढलं असतं, हेही खरं.

ऑगस्टअखेरच्या सोमवारीही तिकडे अशीच लांब सुट्टी असते. मुलांकडे जाणार असाल तर सफक परगण्यातलं लॅव्हनम बघा. लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेलं आणि तो धंदा बुडाल्यावर लाकडी सांगाड्याच्या कललेल्या घरांसकट तसंच राहिलेलं गाव. तिथे रेल्वे उरलेली नाही. सडबरीपर्यंत गाडीने जाऊन पुढे बस घ्यावी लागते, तेव्हा निघायचं ते शनिवारीच. रविवारच्या बसच्या भरवशावर राहू नका.