येऊ द्या, येऊ द्या!

दुसऱ्याच्या मुलीला स्थळ सुचवणे आणि दुसऱ्याचा ट्रक मागे घेऊन देणे, या दोन कामांना शिक्षण लागत नाही असा आपल्याकडे समज आहे. पहिल्याबद्दल मी बोलत नाही. मला घरात राहायचे आहे. दुसऱ्याबद्दल मात्र बोललेच पाहिजे, कारण आमच्या गल्लीत सध्या तीन इमारतींचा पुनर्विकास चालू आहे आणि सकाळी सातपासून 'येऊ द्याऽऽ'शिवाय दुसरा शब्द कानांवर पडत नाही.

हे 'येऊ द्या' म्हणतो कोण? जो मोकळा असेल तो. कधी वॉचमन, कधी पाणी मारणारा बिगारी, कधी नुसताच दूध आणायला निघालेला आमच्या सोसायटीचा चिटणीस. बहुधा सगळे एकदम. एक म्हणतो 'आने दो', दुसरा 'डावीकडे काटा', तिसरा फळीवर थाप मारतो. ही थाप 'चल'ची की 'थांब'ची, ते ज्याच्या त्याच्या घराण्यावर अवलंबून! 'डावीकडे' म्हणजे सांगणाऱ्याच्या, ड्रायव्हरच्या की स्टिअरिंगच्या, हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि 'बस्स!' हा शब्द 'धाड्' असा आवाज झाल्यावर उच्चारायचा, अशी रीतच आहे.

कंपाउंडची भिंत पडली तर हसून सोडून देऊ. पण खडी जिथे ओततात तिथेच बिगाऱ्यांची पोरे खेळत असतात, तिथेच एखादी बाई पाठमोरी बसून घमेले भरत असते. वीस-पंचवीस टनांच्या मिक्सरच्या अगदी मागे उभे असलेले माणूस ड्रायव्हरला कुठल्याच आरशात दिसत नाही. तेवढ्यापुरते त्याचे डोळे 'येऊ द्या'वाल्याच्या तोंडात असतात.

कंत्राटदाराला विचाराल तर म्हणेल, "साहेब, त्यात शिकायचं काय? हात तर हलवायचा!" हात तर क्रेनला इशारा देणाराही हलवतोच. पण बांधकाम कामगारांच्या १९९८च्या केंद्रीय नियमांत, क्रेनचा इशारेवाला अठरा वर्षांवरचा, पूर्ण लायक आणि भरवशाचा हवा, असे स्पष्ट लिहिले होते. वरून येणारे ओझे तेवढे मारते आणि मागून येणारे लाडाने ढकलते, असे काही आहे काय? आमच्या बँकेत दहा हजार रुपये पुढे सरकवायला मला चारजणांना तोंड द्यावे लागते. नवे सॉफ्टवेअर आले तर तीन दिवस ट्रेनिंग, जेवणासकट.

विलायतेत या माणसाला 'बँक्समन' म्हणतात. आमच्याच जातीचा म्हणून मी खूश झालो होतो, पण ही 'बँक' म्हणजे कोळशाच्या खाणीचे तोंड. तिथल्या सुरक्षा खात्याच्या हिशेबाने, कामाच्या जागी वाहनांमुळे जे जीव जातात त्यांतले जवळजवळ पाव गाडी मागे घेताना जातात. म्हणून त्यांचा पहिला सल्ला असा, की शक्यतो मागे घ्यावीच लागू नये अशी वाट आखा. नाहीच जमले, तर इशारे देणारा शिकलेला हवा. आणि तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने जागच्या जागी थांबायचे. आपल्याकडे तो दिसेनासा झाला तर 'गेला असेल चहाला' म्हणून गाडी मागे येतच राहते.

मग बिगाऱ्याला भगवे जाकीट घातले की झाला तो तज्ज्ञ! जाकिटाने माणूस दिसतो. त्याला दिसायला लागत नाही. त्यासाठी अर्धा दिवस पुरे. मोकळ्या जागेत रिकामा ट्रक घ्या, मागे एक पिंप ठेवा. आधी त्याला ड्रायव्हरच्या सीटवर चढवा आणि आरशात पिंप शोधायला सांगा. सापडणार नाही. पुढचे शिकायला तो आपण होऊन तयार होईल: आरशात दिसेल अशा बाजूला उभे राहायचे, गाडीच्या थेट मागे कधीच नाही, तोंडाने ओरडायचे नाही, आधी ठरलेली हाताची खूण करायची, उजवा हात वर, पंजा समोर म्हणजे थांब. आणि इशारा एकट्याने द्यायचा. बाकीच्यांनी, चिटणीसांसकट, फुटपाथवर.

मुकादम म्हणतो, रोज माणूस वेगळा, शिकवायचे कुणाला? ड्रायव्हर बरा रोज वेगळा ठेवत नाहीत! दोन माणसे कायमची नेमा आणि शिकवा. आणि त्या अर्ध्या दिवसाची त्यांची मजुरी कापू नका.