रॉन्सव्होची खिंड आणि हरवलेला शत्रू

१५ ऑगस्ट ७७८ रोजी पिरनीज पर्वतात, परंपरेने रॉन्सव्होची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खिंडीत, फ्रँक राजा शार्लमेन याच्या सैन्याची पिछाडी कापली गेली. या चकमकीने कोणतेही राज्य बुडाले नाही की उदयास आले नाही. तरीही बाराशे वर्षे युरोपने तिचे स्मरण जपले. आणि जे जपले, ते तेथे घडलेच नव्हते.

शार्लमेन स्पेनमध्ये उतरला तो धर्मयुद्धासाठी नव्हे. कॉर्डोव्हाच्या अमिराविरुद्ध उठलेल्या मुसलमान सरदारांनीच त्याला बोलावले होते. सारागोसाचे दरवाजे उघडतील हा भरवसा फोल ठरला, तेव्हा तो माघारी वळला आणि वाटेत त्याने बास्कांच्या पाम्प्लोनाचा तट जमीनदोस्त केला. डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेल्या बास्कांनी मग अरुंद वाटेवर, दाट झाडीतून, जड शस्त्रे व सामानसुमान घेऊन चाललेल्या पिछाडीवर झडप घातली, लूट घेतली आणि रात्रीच्या अंधारात ते पांगले. त्या काळच्या दरबारी बखरीने या पराभवाबद्दल मौन पाळले. पुढे चरित्रकार आइनहार्ट याने तो नोंदविला आणि पडलेल्यांत ब्रिटनीच्या सीमेचा अधिकारी रोलाँ याचे नाव दिले. हल्लेखोर म्हणून तो केवळ बास्कांचा निर्देश करतो.

सुमारे ११०० साली रचल्या गेलेल्या ‘रोलाँगीता’त मात्र बास्क नाहीतच. त्यांच्या जागी चार लाख मुसलमानांची फौज आहे आणि रोलाँ धर्मवीर झाला आहे. पहिले धर्मयुद्ध नुकतेच लढले गेले होते. त्या काळाला जो शत्रू हवा होता, तो काव्याने पुरविला. कवीला दोष देण्याचे कारण नाही. काव्य ही साक्ष नव्हे, आणि रोलाँगीताची थोरवी कोणी नाकारीत नाही. परंतु काव्याचाच इतिहास मानला जातो, तेव्हा प्रश्न गंभीर होतो.

१८३७ मध्ये हे काव्य प्रथम छापले गेले. त्याचे सर्वांत जुने हस्तलिखित फ्रान्समध्ये नव्हे, तर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला होते. डिसेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला असता गास्ताँ पारी या पंडिताने याच काव्याच्या आधारे फ्रेंच राष्ट्रीयत्वावर व्याख्यान दिले. पुढे पराभूत फ्रान्सच्या शाळांतून रोलाँ शिकविला जाऊ लागला. खचलेल्या राष्ट्राला धीर हवा होता हे समजण्यासारखे आहे. पण जे जिंकले होते, त्या बास्कांचे नावही या स्मरणातून पुसले गेले. आणि जे तेथे नव्हते, त्यांच्या माथी कायमचे वैर मारले गेले.

समाजाला एकत्र बांधण्यासाठी दंतकथा लागतात, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. मात्र त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही पाहिले पाहिजे. १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईला सहाशे वर्षे झाली, तेव्हा २८ जून १९८९ रोजी मिलोसेविच यांनी त्याच रणभूमीवर सर्ब जनसमुदायापुढे भाषण केले आणि नव्या सशस्त्र लढाया अशक्य नसल्याचे सूचित केले. दोन वर्षांत युगोस्लाव्हिया यादवीत सापडला. त्यामागची कारणे अनेक होती, परंतु त्या स्मृतीने आगीत तेल ओतले. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे मशिदींत ५१ जणांचे बळी घेणाऱ्या मारेकऱ्याने आपल्या बंदुकांवर मध्ययुगीन सेनानींची नावे लिहिली होती. शतकांपूर्वीच्या लढाया त्याला आपल्याच वाटत होत्या.

यावर उपाय काव्य जाळणे हा नव्हे. रोलाँगीता वर्गात अवश्य शिकवावी; पण तिच्या शेजारी आइनहार्टचा तो लहानसा परिच्छेदही ठेवावा. खिंडीत कोण होते आणि नंतर कोणाला तेथे आणून उभे केले गेले, हे दोन प्रश्न विद्यार्थ्याला निरनिराळे ओळखता आले, तर चिथावणी देणाऱ्याचे काम पुष्कळच अवघड होईल.