बाजारात न मिळणाऱ्या फळासाठी

भाईंदरच्या मंडईत ड्रॅगन फ्रूट मिळते, परदेशी सफरचंदे आणि किवीही मिळतात. बिलिंबी हे आंबट फळ मात्र शोधूनही सहसा सापडत नाही. साल इतकी नाजूक की तोडल्यावर दोन-चार दिवसांत फळ मऊ पडते. त्याला पेटीत भरून लांब पाठवणे व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणूनच हे झाड घराजवळ हवे.

उत्तन-डोंगरीपासून गोराई-मनोरीपर्यंतच्या किनाऱ्यावर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना बिलिंबीची चव नवी नाही. कोळंबीच्या कालवणात किंवा सुक्या बोंबलात चिंच-कोकमाऐवजी ती पडते, खारात लोणचेही घालतात. मीरा रोडला राहणाऱ्या गोव्याच्या, मंगळुरूच्या आणि केरळच्या कुटुंबांना तर ती माहेरची वाटेल, कारण तिकडेही मासळीच्या आंबटासाठी ती वापरतात. मूळ मोलुक्का बेटांकडचे मानले जाणारे हे झाड किनाऱ्या-किनाऱ्याने पसरले. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात फळे मीठ लावून उन्हात वाळवतात आणि वर्षभर वापरतात. बोंबील वाळवण्यात मुरलेल्या उत्तनला ही रीत शिकवावी लागणार नाही.

झाड पाहण्यासारखे आहे. फणसासारखे खोडावर आणि जाड फांद्यांवरच आधी लालसर फुलांचे झुपके येतात, मग बोटभर लांबीच्या पोपटी फळांचे घोस. उंची साधारण पाच ते दहा मीटर, म्हणजे इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याशी ते थांबते. ताज्या बियांपासून रोप होते आणि तीन-चार वर्षांत फळू लागते. ऊन आणि पाऊस दोन्ही मानवतात; मुळाशी तुंबलेले पाणी मात्र सोसत नाही. मिठागरे आणि खाडीकाठच्या भरावावर उभ्या राहिलेल्या वसाहतींत म्हणूनच थेट खड्डा खणू नये. गोडी माती, वाळू आणि शेणखत घालून उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावे.

एक तक्रार खरी आहे. बहर आला की फळे ढिगाने गळतात आणि रस आम्लाचा असतो, तेव्हा गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर हे झाड नको. त्याच आम्लाने कपड्यावरचा गंजाचा डाग निघतो, पितळही उजळते.

दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची. कोलेस्टेरॉल उतरते या समजुतीने कुणी बिलिंबीचा रस ग्लासभर पिऊ नये. फळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. केरळात असा रस प्यायल्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्या 10 रुग्णांची नोंद 2013 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांतल्या सात जणांना डायलिसिस लागले. कालवणातल्या चार फोडी आणि औषध म्हणून घेतलेला रस यांत फार मोठे अंतर आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी फोडींपासूनही दूर राहावे.

आज शहरातल्या नव्या संकुलांच्या दारात बॉटल पामच्या रांगा दिसतात. त्यांची ना धड सावली, ना ताटात काही. कुंपणाकडेची एखादी जागा बिलिंबीला दिली तर सगळ्या इमारतीला आंबट पुरेल. पुनर्विकासात जुने घर पडते तेव्हा परसातले बिलिंबीचे झाडही जाते आणि हे फळ बाजारात नसल्याने त्याचे बी मिळण्याची जागाच संपते.

इथे महापालिकेने पुढे यायला हवे. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानेच रोपवाटिका चालवणे आणि बी-रोपे पुरवणे हे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचे काम ठरवले आहे. उत्तन-डोंगरीतल्या घरमालकांना विचारून पिकलेली फळे गोळा करावीत. बी ताजे असतानाच पिशव्यांत लावले, तर पुढच्या पावसाळ्यात सोसायट्यांना रोपे वाटता येतील.