हौदाकाठची आग आणि आपली गावे

हैदराबादेत चारमिनारच्या उत्तरेस, चार कमानींच्या मधोमध, गुलजार हौज नावाचा जुना हौद आहे. कुतुबशाहीत ज्यांनी ते शहर वसविले त्यांनी बाजाराच्या ऐन मध्यावर पाणी ठेवले होते. त्या हौदालगतच्या एका जुन्या इमारतीस 18 मे 2025 रोजी, रविवारी सकाळी, आग लागली आणि 17 माणसे प्राणास मुकली. त्यांत 8 लहान मुले होती. खाली दुकाने, वर बिऱ्हाड, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र जमलेले आप्त! मोगलपुऱ्याचे अग्निशमन केंद्र जवळच होते. बंबही वेळेवर आले. परंतु इमारतीस आत जाण्याचा मार्ग एकच, तोही अरुंद बोळासारखा. जिना एकच, आणि त्यात धूर कोंडलेला. राजधानीचे शहर, हाकेच्या अंतरावर बंब, समोर पाण्याचा हौद. तरीही माणसे वाचली नाहीत.

आमचे काही वाचक विचारतील की, सीमालढ्याच्या पत्राने बंबाची आणि बोळाची चर्चा कशाला करावी? आमचे उत्तर असे की, हा लढा नकाशावरील रेघेसाठी नाही. रेघेच्या या बाजूस राहणाऱ्या माणसाचा जीव, मान आणि भाषा यांसाठी तो आहे. ज्या गावाला आपण महाराष्ट्रात नेऊ इच्छितो, ते गाव तोपर्यंत जळू नये, लुटले जाऊ नये, हे पाहणे हाही चळवळीचाच भाग होय.

हैदराबादची ही एकच दुर्घटना नव्हे. मार्च 2022 मध्ये भोईगुड्यात भंगाराच्या वखारीवर झोपलेले 11 बिहारी मजूर जळून मेले. सप्टेंबर 2022 मध्ये सिकंदराबादेत एका लॉजखाली विजेच्या दुचाकी ठेवलेल्या जागेत आग लागली आणि वर उतरलेल्यांपैकी 8 जण गेले. मार्च 2023 मध्ये तेथीलच एका व्यापारी संकुलात 6 तरुण धुराने गुदमरले. प्रत्येक वेळी कथा तीच: तळाशी जळाऊ माल, वर माणसे, आणि बाहेर पडावयास वाट नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गुलजार हौजाची आग ज्या रविवारी लागली, त्याच रविवारी पहाटे सोलापुरात एका कापड कारखान्यास आग लागून 8 जण मेले. सोलापूर महाराष्ट्रात आहे. तेव्हा विलीनीकरण झाले की आगी आपोआप विझतील, असे जो सांगेल तो लोकांची फसवणूक करील. आम्ही तसे सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, संकटकाळी ज्याच्याकडे धावावयाचे त्या सरकारास आपली भाषा समजली पाहिजे आणि आपली गरज त्याच्या हिशेबात असली पाहिजे. आज सीमाभागात या दोन्ही गोष्टींची वानवा आहे.

बीदरकडच्या आमच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. निजामी अमलात भालकीचा किंवा औरादचा शेतकरी ठाण्यात गेला की तो मराठीत रडे आणि अमीनसाहेब उर्दूत लिहून घेत. आपल्या तोंडचे कागदावर काय उतरले हे त्याला कळत नसे; अंगठा मात्र त्याचा असे. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी गेली. लोकांना वाटले, आता ठाणे आपले झाले. पण 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात गेले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्राकडे गेले. काल एका जिल्ह्याचे असलेले पोलीस रातोरात तीन सरकारांचे झाले. उदगीरचा शेतकरी मराठी ठाण्यात जाऊ लागला. भालकीच्या शेतकऱ्यासमोरचा कागद उर्दूचा कानडी झाला, पण त्याचा अंगठा तसाच राहिला.

यात कानडी भाषेचा दोष नाही, आणि ठाण्यातल्या शिपायाचाही नाही. तो बहुधा आपल्यासारख्याच कोरडवाहू घरातला मुलगा असतो. दोष व्यवस्थेचा आहे, आणि तिच्यावर उपाय कायद्यातच आहेत. घटनेच्या 350 व्या कलमाने प्रत्येक नागरिकास आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. मराठीत लिहिलेला अर्ज परत करण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीस नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोठेही घडला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते; ती खबर देणाऱ्यास वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. हद्दीच्या सबबीवर माणसाला या ठाण्यातून त्या ठाण्यात हिंडविण्याचे दिवस कायद्याने तरी संपले आहेत. सीमेवरच्या गावांना या कलमाचा जेवढा उपयोग, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. पण हक्क मागितल्यावाचून मिळत नाही. वाचून दाखविलेले समजले नाही तर सही करू नका, मराठीत सांगा म्हणून आग्रह धरा, आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.

पोलिसांशी आपली ओळख दुर्दैवाने निराळ्या प्रसंगांतून झाली आहे. 17 जानेवारी 1956 चा बेळगावचा गोळीबार आपण विसरलो नाही. 1986 च्या जूनमध्ये कानडीसक्तीविरुद्ध उठलेल्यांवर झाडलेल्या गोळ्या आणि 2014 च्या जुलैमध्ये येळ्ळूरच्या फलकापायी घराघरांत शिरून चालविलेल्या लाठ्या आपण विसरणार नाही. आंदोलनाच्या दिवशी जी पोलीस कुमक गाड्या भरभरून येते, ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांत कोठे असते, असा आमचा सवाल आहे. बाजारच्या दिवशी खिसेकापू पकडावयास, रात्री पेठेतून गस्त घालावयास, शाळा सुटताना चौकात उभे राहावयास किती शिपाई आहेत? लोकांना आवरण्यासाठी जे नियोजन होते, ते लोकांना राखण्यासाठी का होऊ नये? सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाशसिंह निकालात पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी जिल्हावार प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला आहे. आपल्या जिल्ह्यात ते चालते काय आणि मराठी अर्ज घेते काय, याची चौकशी प्रत्येक तालुक्यातून झाली पाहिजे.

आता बंबाकडे वळू. महाराष्ट्रात बंब नगरपालिकेचा असतो. गावाने मनात आणले तर गावास तो घेता येतो. कर्नाटकात अग्निशमन दल हे राज्य सरकारचे खाते आहे. म्हणजे निपाणीची तंबाखूची वखार पेटली किंवा औरादकडे कडब्याची गंजी पेटली, तर किती बंब आणि किती माणसे असावीत हे बंगळुरात ठरते. वास्तविक घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत सातव्या क्रमांकावर आहे. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचे माप असे की, तीन लाख वस्तीपर्यंत दर 50,000 लोकांमागे एक बंब असावा आणि खेड्यात तो 20 मिनिटांत पोहोचावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन दलांसाठी 5,000 कोटींची योजना 2023 मध्ये काढली. तेव्हा पैसा नाही ही सबब चालणार नाही. आपल्या तालुक्याच्या वाट्यास त्यातले काय आले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्यास आहे.

सीमेवर आणखी एक विचित्र अडचण आहे. भालकीच्या पश्चिमेकडील एखाद्या गावात आग लागली तर मदत कोठून लवकर पोहोचेल? कदाचित बीदरहून, कदाचित उदगीरहून. परंतु 112 क्रमांक फिरविला की हाक ज्या राज्याच्या मनोऱ्याने ती पकडली त्या राज्याच्या नियंत्रणकक्षात जाते. ती घेणाऱ्यास ना गाव ठाऊक, ना कधी कधी बोली. घाबरलेली म्हातारी पत्ता सांगते तो मराठीत, आणि जळणाऱ्या घरापुढे दुभाषा शोधण्यास वेळ नसतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील लोकांकडे रेशनकार्डे दोन राज्यांची, मतदानाची ओळखपत्रेही दोन राज्यांची. मत मागावयास दोन सरकारे येतात. घर पेटले तर कोणाचा बंब आधी निघेल, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि अग्निशमन अधिकाऱ्यांनी एकत्र बसून, ज्याचा बंब जवळ त्याने आधी निघावे, असा लेखी करार करावा. मराठी वस्तीच्या प्रत्येक ठाण्यात व नियंत्रणकक्षात मराठी जाणणारा माणूस दिवसरात्र असावा. ज्या तालुक्यात 15 टक्क्यांहून अधिक लोक अल्पसंख्य भाषेचे आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षण केंद्राने आणि राज्यांनी मान्य केलेले आहे. अग्निसुरक्षेच्या सूचनांहून महत्त्वाची सूचना ती कोणती?

सरकारकडे बोट दाखवून आपण मात्र हात बांधून बसता कामा नये. आपल्या पेठेतले जुने वाडे आपणच डोळसपणे पाहावेत. खाली गोदाम आणि वर बिऱ्हाड असेल तर दुसरा दरवाजा काढावा. मागचे दार कुलपात असेल तर ते आजच उघडावे. बंब शिरणार नाही असा ओटा ज्याने बोळात पुढे आणला असेल त्याला, तो आपला पाहुणा वा आपला मतदार असला तरी, तो मागे घ्यावयास सांगावे. गावातल्या विहिरी आणि हौद कोठे आहेत, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, वीज कोणी तोडावयाची, याचा साधा तक्ता प्रत्येक वॉर्डाने करून नगरपालिकेच्या भिंतीवर लावावा. तरुण मंडळांनी या कामी पुढे यावे. गणेशोत्सवाच्या मांडवात जे संघटन दिसते ते येथेही दिसू द्या.

महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. 865 गावांची मागणी आम्ही सोडलेली नाही आणि सोडणार नाही. परंतु आग निकालाची वाट पाहत नाही. गुलजार हौजावरच्या त्या घराने दुसऱ्या दाराचा विचार केला असता तर आज ती 8 मुले शाळेत गेली असती. नगरपालिकेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्या सभासदांनी हा विषय मराठीत मांडावा, आणि सभेच्या दिवशी सभागृहातली प्रेक्षकांची बाके नागरिकांनी भरून काढावीत, अशी आमची सीमावासीयांस विनंती आहे.